येळवस आणि अठरा अंश

आमच्या काकांचे सगळे कार्यक्रम मुहूर्तावर ठरतात आणि पाहुण्यांची गाडी येईल तेव्हा सुरू होतात. गॅमा किरणांच्या स्फोटांना यातलं काहीच लागू नाही. ते होतात, काही सेकंद चमकतात आणि संपतात. या दोन पद्धतींची एकाच दिवशी गाठ पडली, तो दिवस येळवशीचा होता.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या बीदरकडच्या औराद तालुक्यात त्या दिवशी गावात माणूस शोधून सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग शेंगा-भाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातली आंबील. शेताजवळून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, आणि बोलावलेल्यानं नाही म्हणायचं नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडायची सोयही नाही.

त्या वर्षी काकांनी येळवशीला जोडून, आमच्या भागातल्या एका पुढारी साहेबांच्या हस्ते, माझा सत्कार ठेवला होता. मी पुण्यात एका संस्थेत खगोलशास्त्रात काम करते, एवढंच गावाला माहीत होतं. बाकीचं फ्लेक्सवाल्यानं पुरं केलं. फ्लेक्सवर माझा कॉलेजातला फोटो, मागे उडणारं रॉकेट, आणि खाली ‘गावची लेक, थोर अवकाशवीर’. रॉकेटपासून मी आयुष्यभर सुरक्षित अंतरावर राहिले आहे. काकांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, “दुर्बीण टाकायची व्हती, पर त्याच्याकडं दुर्बिणीचा फोटू न्हवता.”

मी खरोखर जे करते ते फ्लेक्सवर मावणारं नाही. एखादा प्रचंड तारा कोसळतो तेव्हा त्याच्यातून एक झोत सुटतो आणि गॅमा किरणांचा स्फोट होतो. तो उपग्रहाला दिसतो. झोत पुढे आजूबाजूच्या वायूवर आदळतो आणि धग मागे राहते. चुलीतलं लाकूड विझल्यावर निखारा राहतो, तशी. ही धग क्ष-किरणांत दिसते, साध्या प्रकाशात दिसते, आणि आम्ही ती शोधतो मिलिमीटर तरंगलांबीला, म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश आणि रेडिओ यांच्या मधल्या पट्ट्यात. तिथे पहिल्या काही तासांत एक वेगळी चमक सापडू शकते. झोत आदळला की धक्क्याची एक लाट पुढे जाते आणि एक उलटी, झोताच्याच पोटात शिरते. त्या उलट्या लाटेचा उजेड लवकर येतो आणि लवकर जातो. तो मोजता आला, तर झोत कशाचा बनलेला होता हे कळायला मदत होते. दुसऱ्या दिवशी गेलं तर बहुधा काही उरलेलं नसतं. म्हणून तो फार थोड्यांना सापडला आहे.

दुर्बिणीवर इतर लोकांची कामं आधीपासून लागलेली असतात. ती थांबवून ‘आत्ता इकडे बघा’ म्हणायची परवानगी आमच्या गटाला त्या हंगामात दोनदाच होती. पहिली वेळ बर्फाच्या वादळात गेली. उरली एक. माझ्या नेमणुकीचे आठ महिने शिल्लक होते आणि माझ्या स्वतःच्या नावावर म्हणता येईल असं एकही निरीक्षण हाती नव्हतं. त्या आठवड्यात पहाऱ्यावर मीच होते. स्फोट झाला तर मागणी कुणी करायची, हे आम्ही पाळीनं वाटून घेतो. येळवशीच्या आठवड्याची पाळी मी खुशीनं घेतली होती. आठवडाभरात काय होणार आहे, असं मला वाटलं होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आम्ही शेताकडे निघालो. मांडीवर आंबिलीचं मडकं, शेजारी चुलती, पुढे माईकवाल्याचे दोन भोंगे. माळावर म्हसोबाच्या दगडापाशी आलो आणि फोन वाजला. आमच्या शिवारात फोन लागतो तो फक्त त्या म्हसोबापाशी. खाली शेतात उतरलं की बंद. संदेश उपग्रहाचा होता. वीस मिनिटांपूर्वी स्फोट, लांबलचक, तेजस्वी, जागा अमुक.

मी ओरडून ट्रॅक्टर थांबवला आणि मडकं चुलतीच्या मांडीवर देऊन खाली उडी मारली.

“आता काय झालं?” काका पुढून ओरडले.

“स्फोट झालाय, काका. पाच मिनिटं.”

“कुठं?” म्हणून ट्रॉलीतल्या चार-पाच जणी उभ्या राहिल्या.

“इथं नाही. लांब.”

“मग लांबचं सावकाश बघता येतंय की. साहेब अकराला यायलेत.”

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंना फोन लावला. त्या विमानतळावर रांगेत होत्या. “अंधुक नाहीये, लवकर कळलंय, बेटावर आत्ता अंधार पडतोय आणि जागा डोक्यावर आहे. टाक. मी विमानात बसतेय, उतरेपर्यंत तूच बघ,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बेट म्हणजे प्रशांत महासागरातलं, जिथे डोंगरमाथ्यावर आमच्या दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजेपर्यंत जागा तिथल्या आकाशात बऱ्यापैकी वर राहणार होती. त्यानंतर ती क्षितिजाकडे झुकणार, मध्ये दाट हवा येणार, आणि त्या हवेतली वाफ आमचा सगळा संकेत पिऊन टाकणार.

एरवी हे काम मी लॅपटॉपवर करते. उपग्रहाचा संदेश टाकला की आमचा एक छोटा प्रोग्रॅम अर्ज आपोआप भरतो. लॅपटॉप घरी कपाटात होता. मी फोनवरच, उन्हात, एका हातानं पडद्यावर सावली धरून अर्ज भरायला घेतला. ट्रॅक्टर चालूच होता. काका दर मिनिटाला हॉर्न वाजवत होते. आंबील हिंदकळतेय म्हणून चुलती वेगळी ओरडत होती. जागेच्या रकान्यात संदेशातले आकडे टाकले, पुन्हा वाचले, जुळले. पाठवलं. ‘विनंती मिळाली’ असं उत्तर लगेच आलं. साडेदहा वाजले होते. पावणेअकरापर्यंत तबकड्या वळतील, असा माझा हिशेब होता. बाराला पुन्हा माळावर येऊन बघू, असं ठरवून मी ट्रॉलीत चढले.

बाराला मला कुणी उठू दिलं नाही. साहेब ‘निघालेच होते’. साहेब त्या दिवशी बऱ्याच शेतांत आंबील पीत फिरत होते, आणि प्रत्येक शेतात फोटो निघत होता. कोपीसमोर सतरंजी, तिच्यावर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एका खुर्चीत डोक्याला फेटा बांधलेली मी. फेटा आधीच बांधून ठेवला होता, कारण बांधणाऱ्याला आणखी दोन शेतांत जायचं होतं. मी दोनदा उठले, दोनदा काकांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. “आता यायलेत, पोरी. फोन आलाय.” त्यांना फोन कुठून आला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

साहेब पाऊण वाजता आले. सोबत पाच-सहा कार्यकर्ते आणि एक फोटोग्राफर. सूत्रसंचालन शाळेचे निवृत्त मास्तर करत होते. त्यांनी माझी ओळख करून दिली, तीत मी चंद्रावर जाऊन येण्याच्या बेतात होते. मग साहेब उठले. बीदरच्या किल्ल्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि किल्ल्याच्या काळातून आजच्या काळात यायला त्यांना वेळ लागणार, हे पहिल्या दोन वाक्यांतच दिसलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. एक वाजला. तबकड्या वळल्या असतील. वळल्या असतील ना?

साहेब म्हणाले, “आज आपली ही ताई त्या अथांग अवकाशाचा वेध घेत आहे!”

सतरंजीच्या कडेला एक म्हातारे बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं त्यांचं घराणं. आता मेंढरं थोडी, मजुरी जास्त. सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणते. अप्पांनी बसल्या जागेवरून विचारलं, “साहेब, सकाळी पोरगीनं ट्रॅक्टर थांबवला म्हणं. आभाळात कायतरी फुटलंय. ते कुठल्या अंगाला हाय, तेवढं विचारा की.”

लोक हसले. काकांनी अप्पांकडे डोळे वटारले. पण साहेबांना माणसं कधी हसतात आणि कधी ऐकतात हे कळतं. ते माझ्याकडे वळले. “दाखवा ताई! जनतेला दाखवा. कुठं झालाय तो स्फोट?”

फोटोग्राफर पुढे सरकला. मी उभी राहिले.

आता हे आम्हा लोकांबद्दल सांगायला हवं. आकाशाकडे बघणं हा आमच्या कामाचा भाग नाही. आकडे बघणं हा भाग आहे. एखादी जागा कुठल्या दिशेला आहे, हे आमच्यातल्या कित्येकांना हात करून दाखवता येत नाही, आणि कुणी दाखवायला सांगतही नाही. आकाशालाही पृथ्वीसारखे रेखांश असतात. आमच्याकडे त्यांना विषुवांश म्हणतात. ते दोन रीतींनी मोजतात: पूर्ण फेरीचे तीनशे साठ अंश, नाहीतर पूर्ण फेरीचे चोवीस तास. मी मनात आठवलं. अठरा दशांश सहा. अठरा तास आणि वर थोडं. या दिवसांत सूर्य कुठल्या तासाला असतो? अठराच्या पुढे, साडेअठराच्या आसपास. म्हणजे सूर्याच्या जवळच कुठेतरी. क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उणे एकोणीस, सूर्याची उणे तेवीस. म्हणजे सूर्याच्या चार बोटं वर. मी हात उचलला. हात सूर्याच्या दिशेनं गेला आणि तिथेच थांबला.

सतरंजीवरच्या सगळ्यांनी कपाळावर आडवा हात धरून सूर्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. कॅमेरा वाजला.

अप्पा म्हणाले, “सुर्व्यापाशी? मग ते दिसलं कसं, माय?”

तो उपग्रह सूर्याच्या आसपास कधीच बघत नाही. त्याच्या आतलं यंत्र करपून जाईल. सूर्याशेजारी स्फोट त्याला सापडूच शकत नव्हता. संदेशात आधी अंश दिलेले असतात, मग तास. मी वरचा आकडा उचलला होता. अठरा दशांश सहा अंश. आणि अर्जाचा रकाना तासांचा होता. आकडा दोनशे असता, शंभर असता, पंचवीस जरी असता, तरी अर्जानं तो लाल करून परत दिला असता. चोवीसच्या आतला होता म्हणून निमूट गिळला. खरी जागा सव्वा तासाला होती. मी दुर्बिणीला सूर्याकडे बघायला सांगितलं होतं, आणि बेटावर तेव्हा रात्र होती. त्यांच्या यंत्रानं माझी मागणी सूर्य उगवायची वाट बघत बाजूला ठेवून दिली असणार. अडीच तास गेले होते. उरला होता सव्वा.

“वा!” साहेब म्हणाले. “सूर्याच्या तेजाशी ज्यांची स्पर्धा—”

मी सतरंजीवरून खाली उतरले आणि चपला न घालता निघाले.

“अगं ए!” काका. “कुठं निघालीस? शाल राहिलीया!”

“चूक झाली, काका. माळावर जाऊन येते.”

“कसली चूक? समदं बराबर चाललंय की! साहेब बोलायलेत!”

माळापर्यंत दोन शेतं होती. पळायला दहा मिनिटं पुरली असती, पण तो दिवस येळवशीचा आणि माझ्या डोक्यावर भगवा फेटा. पहिल्या शेताच्या बांधावर पोचते न पोचते तोच हाक आली. “ओ अक्का! असं उपाशी जातेत व्हय? आंबील घ्या.” मी हात जोडले, पळतच. मागून ऐकू आलं, “फेटा बांधून एकटीच कामून पळायलीय गं ही?”

दुसऱ्या शेतात एक बाई बांधावरच आडवी उभी राहिली. आमच्या नात्यातली, थोरली. हातात तांब्या. “पी आन्‌ जा.”

“मावशी, वेळ नाही. फार मोठं नुकसान होईल.”

“आंबील सोडून गेल्यावर नुकसान न्हाई होत का? तोंड तरी लाव.”

तिला टाळून पुढे जायला दुसरी वाट नव्हती, दोन्ही बाजूंना तूर खांद्याएवढी. वाद घालण्यापेक्षा पिणं लवकर होईल, एवढी अक्कल त्या क्षणी होती. मी तांब्या घेतला आणि उभ्यानं, न थांबता, संपवला. आंबट, गार, तिखट. अर्धी फेट्याच्या शेमल्यावर सांडली. मावशी बाजूला झाली. “असं,” ती म्हणाली.

म्हसोबापाशी पोचले तेव्हा एक वीस झाले होते. फोन हातात धरून गोल फिरले. एक काडी, दोन काड्या, मग गेल्या, मग आल्या. दोन मेल येऊन पडल्या होत्या. दोन्ही बेटावरच्या त्या वेळच्या चालकाच्या. पहिली अकराची: ‘तुम्ही दिलेली जागा सूर्यापासून चार अंशांवर आहे. हेच अपेक्षित आहे का?’ दुसरी बाराची, अधिक सभ्य: ‘उत्तर न आल्यानं मागणी थांबवून ठेवत आहे.’ मी सत्काराच्या खुर्चीत बसले होते, तेव्हा तिकडे एक अनोळखी माणूस माझी चूक मला इतक्या हळुवारपणे सांगत होता.

अर्ज उघडला. कुलूप लागलेलं. थांबवलेली मागणी बदलता येत नव्हती. मेललाच उत्तर लिहिलं: चूक माझी, तो आकडा अंशांचा आहे, तासांत तो एक तास चौदा मिनिटं चोवीस सेकंद, कृपया आत्ता. अठरा दशांश सहाला पंधरानं भागून मी तो आकडा तीनदा काढला. तीनदा तोच आला. तरी बोट ‘पाठवा’वर ठेवून दाबवेना. आकड्यांवर विश्वास ठेवूनच मी तिथवर आले होते.

मग मी फोन खाली धरला आणि हात केला. सूर्य साडेअठराला, तो आता माथ्यावरून थोडा पश्चिमेकडे. तिथून पूर्वेकडे पावणेसात तास सरकायचं. हात खाली खाली येत गेला आणि संतपूरच्या रस्त्यापलीकडच्या बाभळींच्या रांगेवर टेकला. म्हणजे आपल्याकडे ती जागा अजून उगवायची होती, वीस-पंचवीस मिनिटांत. आणि बेट? बेट पूर्वेकडे साडेआठ तासांच्या वळणावर. तिकडे ती माथ्यावरून पश्चिमेला कलायला लागली असणार, पण बऱ्यापैकी वर. अंधार आहे. सूर्य दुसऱ्या अंगाला. बरोबर.

पाठवलं.

उत्तर यायला सहा मिनिटं लागली. त्या सहा मिनिटांत खालच्या शेतातून भोंग्यांवर साहेबांचा आवाज येत राहिला. मी नसतानाही माझा गौरव चालूच होता, आणि माझी त्यात काही अडचण होत नव्हती. एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं: “अशा लेकी घरोघरी जन्माला याव्यात!” मी म्हसोबाच्या चौथऱ्यावर बसून फोनकडे बघत होते. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, तो तेव्हा कळला.

चालकानं लिहिलं होतं: ‘समजलं. चालू काम मध्येच तोडता येत नाही, दहा मिनिटं लागतील. मग जागा फार खाली जाईपर्यंत साधारण पन्नास मिनिटं मिळतील. हवा कोरडी आहे.’ त्या दिवशी माझ्याशी जेवढं बोललं गेलं, त्यात शेवटच्या तीन शब्दांएवढं चांगलं काही नव्हतं.

मिळायला हवे होते चार तास. मिळाली पन्नास मिनिटं. पुरतील की नाही, हे तिथे बसून कळण्यासारखं नव्हतं. तरी मी अडीच वाजेपर्यंत उठले नाही. काका शोधत आले, हातात शाल. शेजारी बसले.

“साहेब गेले,” ते म्हणाले.

“रागावले?”

“न्हाई. ताईला अवकाशातनं फोन आला, असं मास्तरनं सांगितलं माईकवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.” त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. “लई मोठी चूक व्हती का?”

“रकाना चुकला.”

“सुधारली?”

“सुधारली. उशीर झालाय पण.” खरी जागा कुठं, ते मी बाभळींच्या रांगेकडे बोट करून त्यांना दाखवलं.

“मी हॉर्न वाजवाया नको व्हता,” काका म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी बाईंचं विमान उतरलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “कळव की चूक आपली होती, त्यांच्या यंत्राची नव्हे. लेखी.” तेवढंच. ते मी कळवलं. ते लिहिणं निरीक्षणाची मागणी लिहिण्यापेक्षा अवघड गेलं.

पुण्याला परतल्यावर नोंदी साफ करायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी नकाशा तयार झाला. मधोमध एक ठिपका होता, फिकट, यंत्राच्या गोंगाटाच्या पाचपट उंच. आम्ही सगळे आळीपाळीनं खुर्चीत बसून तो बघत होतो. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी, त्याच परवानगीत, तबकड्यांनी तीच जागा पूर्ण चार तास पाहिली होती. त्या नकाशात तिथे काहीही नव्हतं. म्हणजे उजेड लवकर आला होता आणि लवकर गेला होता, आणि त्या पन्नास मिनिटांशिवाय तो आम्हाला सापडला नसता. सुरुवातीचे तीन तास मात्र गेले ते गेले. आलेखात तिथे मोकळी जागा आहे. शोधनिबंधात तिचं कारण एका वाक्यात दिलं आहे, आणि त्या वाक्यात येळवस नाही.

सूर्याकडे हात केलेला माझा फोटो साहेबांच्या माणसांनी छापून आणला, खाली ‘आकाशाचा वेध घेताना’. काकांनी तो चौकटीत बसवून पुढच्या खोलीत लावला आहे. तो माझ्या चुकीचा फोटो आहे, हे मी त्यांना सांगितलं. “दिसतेस तर चांगली,” ते म्हणाले.

पुढच्या येळवशीला मी पुन्हा गेले. त्या वर्षी सत्कार नव्हता, साहेब दुसऱ्या कुणाच्या शेतात होते. जेवणं झाल्यावर अप्पा बांधावर माझ्याशेजारी येऊन बसले. मी फोनवर त्यांना तो ठिपका दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आता हाय का?”

“नाही, अप्पा. दुसऱ्याच दिवशी विझलं.”

“जागा तर आसंल की.”

जागा होती. दोन वाजून गेले होते. मी मनात हिशेब करायला घेतला, सूर्य इतक्या तासाला, तिथून इतकं पूर्वेला. माझा हिशेब पुरा व्हायच्या आत अप्पांनी संतपूरच्या रस्त्यापलीकडच्या बाभळींच्या थोडं वर बोट केलं. काकांनी त्यांना सांगितलं असणार. मी हिशेब पुरा केला आणि त्यांचं मनगट धरून हात दोन बोटं उजवीकडे सरकवला.